ऐंशी डॉलरचं इंजिन

टोस्ट पुढ्यात आला की रेक्स नॉस्के टॅब्लेट उघडायचा आणि चोरांना शिव्या घालायला बसायचा. चोर म्हणजे लिलावाच्या साइटवर जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या विकणारे लोक. 'खेळण्यातल्या' म्हटलेलं त्याला खपायचं नाही. मॉडेल म्हणायचं. नातवंडं फेकतात ती खेळणी, आणि सत्तरी उलटलेले बाप्ये गुडघे मोडून टेबलाखाली शिरतात ती मॉडेलं, एवढा साधा फरक लोकांना कळू नये याचाही त्याला राग होता.

"हे बघ!" तो बायकोला ओरडायचा. "मालगाडीचा एक डबा. एक! खोका नाही, मागची कडी तुटलेली, रंगाचे पोपडे निघालेत. मागतोय किती? एकशे नव्वद डॉलर! वर लिहितोय, दुर्मिळ. अरे दुर्मिळ कसला, असले सहा माझ्या शेडमध्ये पडलेत."

"मग वीक की सहाही," व्हॅल म्हणायची.

"मी दरोडेखोर वाटलो तुला?"

"नाही. पण तुझा टोस्ट गार होतोय."

त्या साइटची भाषा रेक्सला तोंडपाठ होती. 'तपासून पाहिलेलं नाही' म्हणजे बंद पडलंय. 'किरकोळ झीज' म्हणजे कुत्र्याने चावलंय. 'आजोबांच्या माळ्यावर सापडलं' म्हणजे गेल्या महिन्यात कुठल्याशा जत्रेत दहा डॉलरला उचललंय. तिथून त्याने स्वतः आजवर एक स्क्रूसुद्धा घेतला नव्हता. मग रोज सकाळी रक्त कशाला आटवायचं, असं विचारलं तर म्हणायचा, "कुणीतरी लक्ष ठेवायला नको?" जणू त्याचं लक्ष सुटलं तर अख्ख्या ऑस्ट्रेलियात भाव चढतील.

या रागाचं मूळ त्याच्या धंद्यात होतं. पीटरबरोच्या मुख्य रस्त्यावर रेक्सचं मटणाचं दुकान होतं, उभी हयात तिथेच गेली. आईबरोबर आलेल्या पोराच्या हातात फ्रिट्झ नावाच्या सॉसेजची चकती ठेवल्याशिवाय तो गिऱ्हाईक हलू द्यायचा नाही. काटा मारणं तर सोडाच, हाड जास्त गेलंसं वाटलं तर वरून एक तुकडा टाकायचा. डॉक्टरला जो भाव, तोच मेंढ्यांची लोकर कातरायला आलेल्या मजुराला. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडून मान खाली न घालता मागावा तेवढाच भाव खरा, बाकी सगळी लूट, हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान, आणि ते सांगताना तो हातातली सुरी पाजळत असल्यामुळे कुणी वाद घालत नसे.

गाव रेल्वेचं. एके काळी तीन वेगळ्या रुंदीचे रूळ इथे एकत्र यायचे आणि गावातला दर दुसरा बाप इंजिनावर नाही तर कारखान्यात असायचा. रेल्वे गेली, तशी त्या बापांची पोरं म्हातारी होऊन आपापल्या शेडमध्ये शिरली आणि गेलेली रेल्वे छोटी करून पुन्हा बांधू लागली. त्यांचा क्लब दर मंगळवारी जुन्या स्काउट हॉलमध्ये भरायचा.

क्लबातलं कुणी वारलं की एक रीत होती. दफन झालं, चहा-केक झाला, की तीन-चार आठवडे जाऊ द्यायचे. मग चौघांनी त्या घरी जायचं, शेडमधली रुळांची मांडणी उतरवायची, धूळ पुसायची आणि हॉलमधल्या लांब टेबलावर सगळं लावायचं. प्रत्येक वस्तूवर पिवळी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर भाव. सभासदांनी घासाघीस न करता घ्यायचं, आणि आलेले सगळे पैसे पाकिटात घालून मागे राहिलेल्या बाईच्या हातात द्यायचे. क्लबने त्यातला एक सेंट ठेवायचा नाही. शिवाय टेबल लागायच्या आधी, गेलेल्याच्या सगळ्यात जवळच्या दोस्ताने शेल्फवरची एक वस्तू आपल्यासाठी उचलायची. तिचा भाव त्याचा त्यानेच ठरवायचा. त्यावर कुणी ब्र काढायचा नाही.

बाकी चिठ्ठ्यांवरचे भाव लावायचं काम रेक्सकडे. नुसत्या नजरेने वजन सांगणारा माणूस, त्याच्याइतका प्रामाणिक कोण मिळणार? गाडी धावत्या घरात गेली पाहिजे, कपाटात पुजायला नाही, असं म्हणत तो भाव लावायचा आणि तासाभरात टेबल साफ व्हायचं. बायका त्याचे दोन्ही हात धरून आभार मानायच्या. आम्ही तर हे सगळं कचऱ्यात टाकणार होतो, म्हणायच्या.

केल्विन ट्रेझाईज ईस्टरच्या आधी गेला. गावचा जुना पोस्टमास्तर, आणि रेक्सचा शाळेच्या बाकापासूनचा दोस्त. दर गुरुवारी संध्याकाळी रेक्स त्याच्याकडे जायचा. केल्विन भिंगातून बघत काम करायचा आणि रेक्स शेजारी बसून जगाला शिव्या द्यायचा, अशी त्यांची वाटणी होती. केल्विनच्या शेल्फवर एक इंजिन होतं. टी वर्गाचं, वाफेचं, अरुंद रुळांवरचं. त्या दोघांच्या बापांनी हाकलेल्या जातीचं. पितळेचा पत्रा कापून, डाख लावून, एकेका रिव्हेटचं डोकं सुईने उठवून केल्विनने दोन हिवाळे खपून ते केलं होतं. रेक्सने दुसरं काही बघितलंही नाही. इंजिन उचललं, रुमालात गुंडाळलं आणि ऐंशी डॉलर पाकिटात घातले.

"पन्नास म्हणणार होतो," तो घरी येऊन व्हॅलला म्हणाला. "पण ग्लेनिस आहे, म्हटलं चांगले द्यावेत."

ग्लेनिस म्हणजे केल्विनची बायको. तिने पाकीट घेतलं, थँक्यू म्हणाली. बाकीचं सामान पुढच्या मंगळवारी हातोहात गेलं.

गुरुवार मात्र रेक्सने सोडला नाही. आता तो शेडऐवजी स्वयंपाकघरात बसायचा. ग्लेनिस त्याला क्वांडाँग या रानफळाचं सारण भरून भाजलेला पाय वाढायची आणि त्याच्या शिव्या ऐकायची. तिला आगगाड्यांतलं काही कळत नव्हतं, पण घरात पुरुषाच्या तक्रारीचा आवाज असला की तिला बरं वाटायचं.

सप्टेंबरातल्या एका सकाळी रेक्सच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. साइटवर एक टी इंजिन आलं होतं. असंच पितळेचं, हाताने केलेलं, कुणी केलं ते माहीत नाही. धुरांडं एका बाजूला कललेलं. डाखाचे ओघळ मेणबत्तीसारखे. आणि किंमत चौदाशे पन्नास.

"व्हॅल!"

"ऐकलं मी. अख्ख्या रस्त्याने ऐकलं."

गुरुवारी तो टॅब्लेट काखोटीला मारून ग्लेनिसकडे गेला. तिला दाखवू, जरा हसेल तरी, असा विचार. हसायची तिला गरजही होती, कारण हिवाळ्यात घराच्या दगडी भिंतींना लोणा लागला होता. पुढच्या खोलीचा रस्त्याकडचा कोपरा तर पार गेला होता. गिलावा फुगून पडलेला, आतला दगड बोट लावलं की पिठासारखा गळायचा. जेम्सटाउनचा गवंडी येऊन बघून गेला होता.

"तो म्हणतो, निदान हा कोपरा तरी या उन्हाळ्यात खालून बांधून काढायला हवा," ग्लेनिस म्हणाली. "दोन हजारांच्या वर सांगितले."

"दोन हजार? गवंडी आहे का सोनार?"

"माझ्याकडे नाहीत रे. आणि लेकीला तर निमित्तच मिळालंय. आई, घर पडायच्या आत विकून टाक, गॉलरला माझ्या जवळ ये, रोज फोन. नाताळच्या आत एजंट पाठवते म्हणाली." लेकीचं नाव जोडी. "तिथे जाऊन मी काय करू? ती दिवसभर कामावर. मला ह्या ओट्यापाशी उभं राहून बाहेर बघायची सवय आहे. पन्नास वर्षं हेच बघितलंय."

 अशा वेळी तो नेहमी करायचा तेच रेक्सने केलं. टॅब्लेट तिच्यापुढे सरकवली.

"हे सोड. हे बघ, तुला खऱ्या लुटीचा नमुना दाखवतो. ओळखलंस?"

"केल्विनच्या इंजिनासारखं आहे."

"सारखं? त्याचा अपमान करू नकोस! धुरांडं बघ. दारू पिऊन बसवलंय. आणि हा लुच्चा मागतोय चौदाशे पन्नास!"

"अगबाई. आणि लोक देतात?"

"देतात ना! तेच तर! गाढवं भरलीत जगात. गेल्या वर्षी असलंच एक सोळाशेला गेलं. त्याच्या आधीचं अठराशेला. मी बघतो ना रोज."

"म्हणजे प्रत्येक वेळी कुणीतरी घेतंच?"

"बोली लावून घेतात, लेकाचे! एकमेकांच्या उरावर बसून!"

ग्लेनिसने चष्मा नाकावर नीट बसवला आणि फोटो परत बघितला. "आणि केल्विनचं याच्याहून चांगलं होतं?"

"चांगलं?" रेक्सने टेबलावर हात आपटला. "अगं, हे केल्विनच्या इंजिनाच्या पासंगालाही पुरणार नाही!"

बोलून झालं आणि त्याच्या कानांनी ते ऐकलं.  ग्लेनिस त्याच्याकडे बघत नव्हती, ती अजून फोटोच बघत होती.

"असं होय," ती म्हणाली. मग तिने टॅब्लेट त्याच्याकडे परत सरकवली. "तू ठरवलास तो भाव बरोबरच असणार. तुला कळतं त्यातलं. आणखी एक तुकडा घेतोस?"

तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. हे तिने अगदी मनापासून म्हटलं होतं, आणि त्या एका वाक्याने रेक्स पाणी पाणी झाला. तुकडा त्याने घेतला, कारण नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर त्याने व्हॅलला सगळं सांगितलं आणि तिच्यावरच उखडला. "तू तरी बोलायचंस ना तेव्हा!"

"मी रोज सकाळी काय ऐकते? दोनशेचा डबा म्हणजे लूट. मला वाटलं, ऐंशी म्हणजे तू फारच उदार झालास."

"मग उद्या जातो आणि तिला वरचे पैसे देऊन टाकतो."

"किती?"

रेक्स थांबला. "हजार? बाराशे?"

"म्हणजे भाव पुन्हा तूच ठरवणार," व्हॅल म्हणाली. "आणि इंजिन पुन्हा तुझ्याच शेल्फवर."

यावर त्याला रात्रभर झोप लागली नाही, आणि शेजारी व्हॅल मात्र घोरत होती याचाही त्याला राग आला.

मंगळवारी तो क्लबात उभा राहिला आणि म्हणाला की केल्विनच्या शेडमधून ज्याने ज्याने जे जे घेतलं ते परत आणा, ग्लेनिसला मी भाव चुकीचे लावून दिले.  मॉरी, क्लबचा अध्यक्ष, बिस्किट चहात बुडवत म्हणाला, "टेबलावर झालं ते झालं, रेक्स. आपली रीत आहे. मी तर त्याचं ते छोटं स्टेशन माझ्या मांडणीत चिकटवूनही टाकलं."

"उखड मग!"

"आता काय, त्याच्या छपरावर माझं मांजर झोपतं."

मागच्या रांगेतून ट्रेव्हरने घसा साफ केला. ट्रेव्हरने केल्विनचे प्रवासी डबे घेतले होते, सहाच्या सहा. "माझ्याकडे नाहीत आता," तो म्हणाला. "साइटवर टाकले होते. गेले."

"कितीला?"

ट्रेव्हरने आकडा सांगितला. चिठ्ठीवरच्या भावाच्या पाचपट होता.

"चोरा! मेलेल्या दोस्ताच्या..."

"माझ्यावर कशाला भुंकतोस?" ट्रेव्हर म्हणाला. "भाव तू लावलास. मी फक्त दिला."

रेक्सने टोपी घेतली आणि तो बाहेर पडला. मोटारीत बसून त्याने ट्रेव्हरला मनसोक्त शिव्या दिल्या, पण त्यांतली एकही नीट लागू पडेना. ट्रेव्हरने पैसे तरी कुणाला न सांगता खिशात घातले होते. रेक्सने इंजिनच खिशात घातलं होतं आणि वर आभार मानून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने इंजिन उजेडात ठेवून फोटो काढले आणि साइटवर टाकायला बसला. आयुष्यात पहिल्यांदा. सुरुवातीची बोली ऐंशीच ठेवली. वर्णन त्याने असं लिहिलं: पुढचा दिवा किंचित डावीकडे. मागची चाकं तीव्र वळणावर कधीमधी उतरतात, दोष रुळांचाही असू शकेल. टाकीवर एक ओरखडा, तो मी पाडला.

व्हॅलने खांद्यावरून वाचलं. "विकतोयस का तक्रार नोंदवतोयस?"

"खोटं लिहू?"

"चांगलं लिहिलं तर खोटं होतं का?"

त्याने काही बदललं नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आकडा एकशे दहावर अडकला. मग कुणीतरी निरोप पाठवला, 'चाळीसला देतोस का, रोख, टपालखर्च तुझा?'

"चाळीस!" रेक्स उठून उभाच राहिला. "केल्विनच्या इंजिनाला चाळीस? डोळे फुटले का याचे? भिकारडे मेले! कलेची किंमत म्हणून कुणाला नाही!"

व्हॅल इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. रेक्सला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर तर तो जास्तच चिडला.

शुक्रवारी बॅलरॅटहून एकाने विचारलं, हे रिव्हेट कसे उठवले आहेत, साच्यातून काढलेला छापील पत्रा आहे का? छापील! रेक्सने दातओठ खात दोन बोटांनी टाइप करायला घेतलं. केल्विन ट्रेझाईज सुई कशी घासायचा, पत्र्याखाली कोणत्या लाकडाची फळी घ्यायचा, एक ओळ वाकडी गेली म्हणून त्याने अख्खी टाकी कशी फेकली आणि नव्याने केली, त्याचे वडील कोणत्या इंजिनावर होते, आणि रंगाची छटा जुळवायला तो मुख्य रस्त्यावर उभ्या असलेल्या खऱ्या इंजिनापाशी भर उन्हात कसा बसायचा, सगळं. लिहिता लिहिता दोनदा त्याने चष्मा पुसला. उत्तर सगळ्यांना दिसेल असं साइटवर गेलं, आणि त्या संध्याकाळपासून आकडा हलायला लागला.

रविवारी संध्याकाळी लिलाव संपायचा होता. रेक्स टॅब्लेटपुढे बसला. सहाशे. नऊशे. दोघंजण एकमेकांना सोडेनात. बाराशेवर त्याचा जीव वरखाली व्हायला लागला आणि चौदाशेवर त्याचं बोट आपोआप पडद्याकडे गेलं. इंजिन समोर टेबलावरच होतं. एक बोली, आणि ते इथेच राहिलं असतं.

"हात खाली," व्हॅल म्हणाली. "स्वतःच्याच लिलावात बोली लावणाऱ्यांना तू काय म्हणतोस ते मी रोज ऐकलंय."

त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले. इंजिन दोन हजार तीनशेला पर्थच्या एका माणसाने घेतलं. रेक्सने ते आधी त्या जुन्या रुमालात, मग लोकरीत, मग भुश्शाच्या खोक्यात घातलं, आणि पोस्टातल्या मुलीला एवढ्या सूचना दिल्या की मागच्या रांगेतले लोक कुरकुरायला लागले. तिथून तो सरळ मोटारीत जाऊन बसला आणि रडला. केल्विनच्या दफनाला तो रडला नव्हता.

पैसे हातात आले त्या गुरुवारी त्याने पाकीट ग्लेनिसपुढे ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं, ट्रेव्हरचं, मॉरीच्या मांजराचं, स्वतःचंही. ऐंशी म्हणताना आपल्याला ते कमी वाटले नव्हते, जास्तच वाटले होते, हेसुद्धा. ग्लेनिस ऐकत राहिली. 'कशाला रे केलंस' असं ती म्हणाली नाही. तिने पाकिटात बघितलं आणि ते ओट्याच्या खणात ठेवलं.

"कोपरा होईल यात," ती म्हणाली. "मागची भिंत पुढल्या वर्षी बघू. जोडीला सांगते, एजंटला पाठवू नकोस म्हणून."

 तिने त्याच्यापुढे बशी ठेवली. त्याने घास घेतला.

"रेक्स."

"हं?"

"डॉट मेहरच्या नवऱ्याच्या, बर्टच्या, सामानाचे भावही तूच लावले होतेस ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली. बर्ट मेहर जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती.

"दोन खोल्या भरून होत्या त्याच्या गाड्या."

"हो."

"त्याच वर्षी डॉटने घर विकलं. हप्ते झेपेनात. आता पोर्ट पिरीला मुलाच्या मागच्या खोलीत असते." ग्लेनिस त्याच्यासमोर बसली. "नाताळला कार्ड येतं मला. दर वेळी लिहिते, रेक्सला माझा नमस्कार सांग, त्याने माझ्यासाठी फार केलं."

 बर्टचं टेबल रेक्सला लख्ख आठवत होतं. तासाभरात साफ झालं होतं आणि सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती. त्या गाड्या आता कुठे कुठे गेल्या होत्या कोण जाणे, त्या विकून घर परत येणार नव्हतं, आणि या वेळी विकायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याने बशी बाजूला केली.

"पत्ता आहे तिचा?"

"आहे. पण जाऊन सांगणार काय तिला?"

"जे झालं ते सगळं," रेक्स म्हणाला. "आणि मग ती जे बोलेल ते ऐकून घेईन."